कर्मे, क्रिया आणि ठेवलेला विश्वास

(वसईत उपवासकाळात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बंधूंनो आणि भगिनींनो,

माझी आई नगर जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये तीसेक वर्षं शिक्षिका होती. तिच्या शेवटच्या आजारपणात एका रात्री तिने मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "पुरेसं झालं असेल का रे माझं?" ती कशाबद्दल विचारतेय हे कळायला मला थोडा वेळ लागला. ती तारणाबद्दल, म्हणजे पापातून होणाऱ्या सुटकेबद्दल विचारत होती. मी लगेच नव्या करारातल्या इफिसकरांस पत्रातलं वचन सांगितलं: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होतं, ते देवाचं दान आहे, आपल्या कर्मांचं फळ नव्हे. आई म्हणाली, "ते मला तुझ्या आधीपासून पाठ आहे." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

त्या रात्रीनंतर हा विषय माझ्यासाठी पंथांच्या भांडणाचा राहिला नाही.

तुम्ही बहुतेक जण कॅथलिक आहात. मी मिशनच्या प्रॉटेस्टंट मंडळीत, शब्बाथ शाळेत (रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात) वाढलो. तुम्ही श्रद्धा म्हणता, आम्ही विश्वास म्हणतो. लहानपणी आम्ही ऐकलं होतं की कॅथलिक लोक पुण्य करून स्वर्ग मिळवायला बघतात. तुमच्याकडे कदाचित उलट ऐकू येत असेल, की प्रॉटेस्टंटांना नुसतं 'मानतो' म्हटलं की पुरे, मग कसंही वागलं तरी चालतं. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि ते आपण चारशे-पाचशे वर्षं सांभाळून ठेवले, याचं मला मनापासून दुःख होतं.

ट्रेंटच्या परिषदेने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मसभेने, 1547 साली या विषयावर जो निर्णय दिला, त्याचा पहिलाच नियम वाचा. माणूस ख्रिस्ताच्या कृपेवाचून, स्वतःच्या कर्मांनी देवापुढे नीतिमान ठरतो असं म्हणणाऱ्याचा तिथे निषेध आहे. 'केवळ विश्वासाने' या शिकवणीचा निषेधही त्याच यादीत आहे, नवव्या नियमात. आमच्याकडे नववा नियम सगळ्यांना ठाऊक असतो, पहिला कोणी सांगत नाही.

आता मार्टिन लूथरकडे येतो, ज्या जर्मन भिक्षूपासून प्रॉटेस्टंट परंपरा सुरू झाली. त्याच्या बाबतीत आपण 1517 पासून सुरुवात करतो: पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं विकली जात होती, त्याविरुद्ध त्याने 95 मुद्दे मांडले. पण त्याचं दुखणं त्या पत्रांपेक्षा जुनं होतं. 1505 च्या जुलैमध्ये वाटेत वादळाने गाठलं, जवळच वीज पडली, आणि जिवाच्या भीतीने त्याने नवस केला की वाचलो तर मठात जाईन. तो एर्फुर्टच्या मठात गेला. उपवास, जागरणं, तासन्‌तास पापांची कबुली. कबुली देऊन बाहेर पडायचा आणि काहीतरी सांगायचं राहिलं म्हणून परत यायचा. मठातला कोणताही नियम त्याने मोडला नव्हता. पुरेसं झालं की नाही, एवढंच त्याला कळत नव्हतं.

माझ्या आईचा प्रश्न तोच होता. पाचशे वर्षांपूर्वीचा जर्मन भिक्षू आणि नगरकडची शाळामास्तरीण एकच विचारत होते, हे मला फार उशिरा दिसलं.

रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातलं 'देवाचे नीतिमत्त्व' हे शब्द वाचले की लूथरच्या अंगावर काटा येई. देव नीतिमान आहे, म्हणजे तो मला शिक्षा करणार, असाच अर्थ त्याला लागे. पुढे त्याच ओळीवर विचार करता करता त्याला उमगलं की हे नीतिमत्त्व देव मागत नाही, देव ते देतो. इथून त्याची सुटका झाली. 1522 च्या जर्मन नव्या करारात रोमकरांस 3:28 मध्ये त्याने 'केवळ' हा शब्द घातला, जो मूळ ग्रीकमध्ये नाही. टीका झाली, तरी त्याने तो काढला नाही. आणि गंमत नाही, फार विचार करायला लावणारी गोष्ट आहे: 'केवळ विश्वासाने' हे शब्द नव्या करारात एकाच ठिकाणी येतात, याकोबाच्या पत्रात, आणि तिथे ते नकारासह येतात. माणूस क्रियांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नव्हे. लूथरने या पत्राला 'गवती पत्र', म्हणजे फारसं वजन नसलेलं पत्र म्हटलं. तिथे तो चुकला, असं मी त्याच्या परंपरेत वाढूनही म्हणतो.

इथे जरा थांबू. आपल्या प्रचलित मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, रोमकरांस पत्र लिहिणारा पौल 'कर्मे' म्हणतो आणि याकोब 'क्रिया' म्हणतो. मराठी वाचणाऱ्याला वाटतं, या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात. ग्रीकमध्ये शब्द एकच आहे, 'एर्गा'. मग दोघांत विरोध आहे का? दोघंही अब्राहामाचंच उदाहरण देतात, पण त्याच्या आयुष्यातला क्षण वेगळा निवडतात. पौल उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायापाशी उभा आहे. अब्राहाम म्हातारा, मूलबाळ नाही, वर चांदणं. देव म्हणतो, तुझी संतती अशी होईल, आणि अब्राहाम त्याच्यावर विश्वास ठेवतो. दाखवायला हातात काही नाही. सुंतासुद्धा अजून झालेली नाही; ती सतराव्या अध्यायात आहे, हे पौल मुद्दाम लक्षात आणून देतो. याकोब बाविसाव्या अध्यायात उभा आहे: इसहाक झाला, मोठा झाला, आणि बाप त्याला घेऊन डोंगर चढतोय. पंधराव्या अध्यायात ठेवलेला विश्वास खरा होता की नाही, हे त्या डोंगरावर कळलं. तोच माणूस आहे, मध्ये बरीच वर्षं गेली आहेत.

शिवाय दोघांच्या समोरची माणसं निराळी. यहूदी नियमशास्त्र पाळल्याशिवाय तुम्हाला घरात घेणार नाही, असं ज्यांना सांगितलं जात होतं, त्यांच्यासाठी पौल लिहितो. याकोबासमोर उघडानागडा, उपाशी भाऊ दारात आला असता "सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव" म्हणून त्याला वाटेला लावणारे आहेत. देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात, असं तो त्यांना सुनावतो. नुसतं मानणं म्हणजे विश्वास नव्हे.

आपल्या भाषेत विश्वास 'ठेवतात'. कोणावर तरी ठेवतात. ठेव जशी दुसऱ्याच्या हाती सोपवली की आपल्या हातात उरत नाही, तसं ते आहे. हे क्रियापद मला पुष्कळ प्रवचनांपेक्षा जास्त शिकवून गेलं.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य या दृष्टीने वाचा. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या धर्मभगिनींनी त्यांना फुलहॅमचं एक घर दाखवलं. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तिथे मायेने सांभाळलं जाई. हे कशामुळे, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट, म्हणजे इतरांनी हलकी मानलेल्या स्त्रीशी येशू आपणहून बोलतो ती, वाचून दाखवली गेली. म्हणजे रमाबाईंना ख्रिस्ताकडे नेलं ते कोणाच्या तरी सत्कर्मांनी. 1883 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, नंतर ते पुण्यात आलं. विधवांना शिक्षण, आसरा, वरून समाजाचा रोष. एवढं काम फार थोड्यांच्या हातून होतं. आणि याच काळाबद्दल त्या आपल्या साक्षीत लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं, ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही.

विचार करा, हे शारदा सदनाची बाई म्हणते आहे. सत्कर्मांची तिला कमतरता होती का?

ख्रिस्तावर भार टाकल्यावर रमाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने वाळलेल्या मुलींना घेऊन आल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील उपासमारीतच गेले होते. केडगावच्या माळावर शेकडो मुलींचं घर उभं राहिलं, त्याचं नाव मुक्ती. त्याच आवारात टाकलेल्या स्त्रियांसाठी आणखी एक घर झालं, त्याचं नाव कृपासदन. मुक्ती आणि कृपा ही नावं त्यांनी पाटीवर लिहिली आणि आत धान्य निवडणं, विणकाम, छापखाना, आजाऱ्यांची शुश्रूषा चालू ठेवली.

31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग इथे लूथरन मंडळ्यांच्या जागतिक महासंघाने आणि कॅथलिक चर्चने नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तिचा गाभा असा: आपल्या कोणत्याही पात्रतेमुळे नव्हे, तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आपलं मन नवं करून आपल्याला सत्कर्मांसाठी सिद्ध करतो. सगळे मतभेद त्याने मिटले नाहीत. पण ही दोन वाक्यं आपण एकत्र म्हणू शकतो, आणि किती गावांत ती एकत्र म्हटली गेली?

आईबद्दल एक सांगायचं राहिलं. त्या रात्री मी वचन म्हणणं थांबवलं आणि तिचा हात धरून एवढंच म्हणालो, "नाही आई, पुरेसं नाही झालं. कोणाचंच होत नाही. त्याने केलंय ते पुरेसं आहे." ती बराच वेळ गप्प राहिली, मग तिला झोप लागली. पहाटे डोळे उघडल्यावर तिने पहिलं विचारलं ते हे, की पलीकडच्या घरातल्या बाळंतिणीला आपल्याकडून डबा गेला का.