कोणत्या खात्याचा माणूस?

मुंबईत एखाद्या रेल्वे स्थानकाच्या पुलाखाली, अंगावर कपड्यांचे थर चढवलेला, केसांच्या जटा झालेला, स्वतःशीच बोलत बसलेला माणूस दिसला की आपण वळसा घालून पुढे जातो. त्याला भिकारी म्हटले जाते, गर्दुल्ला म्हटले जाते. पण अशांपैकी अनेक जण स्किझोफ्रेनियासारख्या मानसिक आजाराच्या भरात घर सोडून, मिळेल त्या गाडीत बसून, शेकडो किलोमीटर दूरच्या या शहरात येऊन पडलेले असतात आणि त्यांच्या घरचे लोक अजून त्यांना शोधत असतात.

कायदा या माणसाच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या कलम 100 नुसार अशा निराधार भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेणे हे त्या हद्दीतील पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, 24 तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यावे लागते आणि त्याच्या कुटुंबाचा शोधही घ्यावा लागतो. बेघर व्यक्तीला सरकारी रुग्णालयात मोफत मानसोपचार मिळण्याचा हक्क याच कायद्याने दिला आहे, आणि त्यासाठी शिधापत्रिकेची अट नाही.

मग तो अजून पुलाखाली का आहे? कारण त्याच्यासाठीचा पैसा एकाच ठिकाणाहून येत नाही. उपचार आरोग्य विभागाकडे, निवारा महापालिका आणि नगरविकास विभागाकडे, पोलीस गृह विभागाकडे आणि भिक्षेकरी गृहे महिला व बालविकास विभागाकडे आहेत. माणूस मात्र एकच आहे, आणि तो कोणत्याही एका खात्यात पूर्णपणे मावत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये शहरी बेघरांसाठी दर एक लाख लोकसंख्येमागे 100 जणांची सोय असलेला एक निवारा असावा, असे ठरवून दिले. 2011 च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख होती, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षातली संख्या त्याच्या जवळपासही नाही. शिवाय जे निवारे आहेत तिथे व्यवस्थापक आणि काळजीवाहक असतात, मानसोपचारतज्ज्ञ नसतो, आणि रात्री आरडाओरडा करणाऱ्या माणसाला इतरांच्या मधोमध ठेवायचे कसे, या प्रश्नावर त्यांना एकट्यानेच मार्ग काढावा लागतो. दुसरीकडे राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. तिथे बरे झालेले काही रुग्ण केवळ न्यायला कोणी येत नाही म्हणून वर्षानुवर्षे राहतात.

1988 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांना मुंबईत एक तरुण करवंटीने गटाराचे पाणी पिताना दिसला. उपचारानंतर कळले की तो आंध्र प्रदेशातला, प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे शिक्षण घेतलेला मुलगा होता. त्यातून उभ्या राहिलेल्या श्रद्धा पुनर्वसन फाउंडेशनने पुढे कर्जतला केंद्र सुरू केले आणि 2018 मध्ये डॉ. वाटवानींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर हजारो माणसे आपापल्या घरी पोहोचली होती. हे काम मुख्यतः देणग्यांवर चालते, ही गोष्ट आम्हाला सर्वाधिक अस्वस्थ करते.

कारण हे काम अवाढव्य खर्चाचे नाही. ओलान्झापिन, रिस्पेरिडोनसारखी या आजारावरची जेनेरिक औषधे स्वस्त आहेत. खरे कष्ट पुढे लागतात: रुग्ण बोलू लागल्यावर त्याच्या तोंडून गाव, तालुका, जिल्हा धीराने काढून घेणे, त्याची भाषा जाणणारा कार्यकर्ता सोबत देणे, रेल्वेने घरी पोहोचवणे, घरच्यांना आजार समजावून सांगणे आणि औषध खंडित होणार नाही, याची पुढेही काळजी घेणे. औषध थांबले की तोच माणूस पुन्हा रस्त्यावर येऊ शकतो. मात्र केंद्र सरकारच्या 2024-25 च्या अर्थसंकल्पात मानसिक आरोग्यासाठी थेट दाखवलेल्या सुमारे 1000 कोटी रुपयांपैकी 850 कोटी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या एकाच राष्ट्रीय संस्थेसाठी होते.

तामिळनाडूने बेघर मनोरुग्णांसाठी काही जिल्ह्यांत सरकारी पैशातून, स्वयंसेवी संस्थांच्या साथीने तातडीचे उपचार आणि पुनर्वसन केंद्रे चालवून दाखवली आहेत. महाराष्ट्रात यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पात खर्चाची वेगळी नोंद, हवे, ज्यातून निवाऱ्यात फेरी मारणारा मानसोपचारतज्ज्ञ, सामाजिक कार्यकर्त्याचा पगार, घरापर्यंतचे रेल्वेभाडे आणि किमान वर्षभराची औषधे या सगळ्यांचा खर्च भागेल, आणि त्याचा हिशेब विचारता येईल असा एक जबाबदार अधिकारी प्रत्येक महापालिकेत नेमलेला असेल.