घरात विचारून सांगतो

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या सोलापूरच्या सूतबाजारात एक वाक्य कितीतरी वर्षं फिरत होतं. व्यापारी सुताचा भाव सांगून थांबला, दलालानं ऑर्डरचा कागद पुढे सरकवला, की आमचे अण्णा चहाची बशी खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "उद्या सांगतो. घरात विचारतो." समोरचे लोक हसायचे. एवढा धाडसी माणूस, कोणी नको म्हटलं तिथे उडी घेणारा, आणि बायकोला विचारल्याशिवाय सही करत नाही! अण्णांवर त्या हसण्याचा काही परिणाम व्हायचा नाही. दुसऱ्या दिवशी ते उत्तर घेऊन यायचे आणि दिलेला शब्द फिरवायचे नाहीत.

मागच्या महिन्यात अण्णा गेले. मी सतराव्या वर्षी त्यांच्याकडे जेकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उठवणारे, पत्ते टोचायला लागलो. पुढे हिशेबाची वही माझ्याकडे आली, ती आजही माझ्याकडेच आहे. म्हणून आज त्यांच्याबद्दल बोलायला बसलोय. नाव सांगणार नाही, त्यांना ते आवडलं नसतं. अण्णा आणि अक्का, एवढंच पुरे.

1877 साली जुनी गिरणी सुरू झाली, तेव्हापासून हे गाव भोंग्यावर उठलं, भोंग्यावर जेवलं. अण्णांचे आजोबा तेलंगणातून विणकामासाठी इथे आले. घरात तेलुगू, दारात मराठी. अण्णा स्वतः गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. गिरणीतली पर्मनंट नोकरी असली की मुलीचा बाप बाकी चौकशी करत नसे, असे ते दिवस. अशी नोकरी अण्णांनी सोडली. गिरणी चालू असताना, पगार वेळेवर मिळत असताना सोडली. भिवंडीत जुने यंत्रमाग भंगाराच्या भावानं निघालेत असं कळलं होतं. चार माग घ्यायचे, उघड्या शेडमध्ये लावायचे आणि टॉवेल काढायचे, हा बेत.

अक्का तेव्हा विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात भिजवलेली तेंदूची पानं, हातात कात्री. हजार विड्यांवर मजुरी. अण्णांनी विचारलं तेव्हा त्यांनी हात थांबवला नाही, असं अण्णाच सांगायचे. पान कापता कापता म्हणाल्या, "सहा महिने माझ्या विड्यांवर घर चालंल. त्याच्यापुढचं तुम्ही बघा."

भर पावसात ट्रकच्या मागे, मागांच्या लोखंडावर ताडपत्री धरून अण्णा भिवंडीहून सोलापूरला आले. गल्लीत लोकांनी वेड्यात काढलं. मी त्यांना खूप वर्षांनी विचारलं, भीती वाटली नाही का? त्यांनी वालचंद हिराचंदांचं उदाहरण दिलं. वालचंदशेठ याच गावात 1882 साली जन्मले. 5 एप्रिल 1919 ला त्यांची 'लॉयल्टी' बोट मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. अण्णा म्हणाले, "समुद्र नसलेल्या गावच्या माणसानं बोट घेतली बे. मी तर मागवाल्यांच्या गावात माग घेतलाय. ह्यात कसली भीती?"

घर अक्कांच्या विड्यांवर सहा नाही, अकरा महिने चाललं. दर महिन्याची ती रक्कम अण्णांनी वहीत लिहून ठेवली. सुतवाल्याचं देणं, रंगवाल्याचं देणं, आणि त्यांच्याच रांगेत एक खातं: 'सौ. खाते, देणे'.

आता टॉवेलबद्दल थोडं सांगू द्या, कारण अण्णांचा जीव त्यात होता. साध्या कापडाला उभ्या धाग्यांचा एक ताणा असतो. टेरी टॉवेलला दोन. एक घट्ट ओढलेला, एक ढिला सोडलेला. आडवा धागा, म्हणजे बाणा, नेणारा धोटा दोनदा जातो, पण तो बाणा विणीच्या कडेला पुरता ठोकत नाहीत, बोटभर आधीच थांबवतात. तिसऱ्या धाग्याला फणी पूर्ण आपटते आणि तिन्ही धागे एकदम पुढे सरकतात. घट्ट ताणा जागचा हलत नाही, ढिला ताणा मात्र मध्येच उभा राहतो. तीच टॉवेलची मऊ कडी. आणि जेकार्ड म्हणजे वर टांगलेली पत्त्यांची माळ. पत्त्याला भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. फुलाची एक पाकळी काढायची तरी आलेखाच्या कागदावर चौकोन चौकोन रंगवून, मग पत्ता पत्ता टोचायचा. एक भोक चुकलं की सबंध ताग्यावर तीच चूक येते. माझी अशी चूक अण्णांनी तीनदा पकडली. ओरडले नाहीत. पत्ता माझ्या हातात देऊन उजेडाकडे धरायला लावला, आणि भोक मला सापडेपर्यंत शेजारी उभे राहिले.

नव्वदीच्या सुरुवातीला ते जर्मनीला गेले. फ्रँकफुर्टला दर जानेवारीत घरगुती कापडाचं मोठं प्रदर्शन भरतं. इंग्रजी येत नव्हतं. बॅगेत टॉवेलचे नमुने, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. एका खरेदीदारासमोर टेबलावर ग्लासभर पाणी ओतलं, आपला टॉवेल एकदा फिरवला आणि कोरडं टेबल दाखवलं. पहिली ऑर्डर त्यावर मिळाली.

पण मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट मोलाची वाटते. जानेवारी म्हणजे आपल्या गड्ड्याची यात्रा. संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, आणि सगळं सोलापूर वऱ्हाडी होतं. लग्न झाल्यापासून अण्णा-अक्कांनी एकही अक्षता सोहळा चुकवला नव्हता. त्या वर्षी अण्णांनी खिशातल्या पुडीत तांदूळ नेले होते. इथे दुपार, तिथे सकाळ. वेळ जुळवून ते हॉटेलच्या खोलीत पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले आणि अक्षता टाकल्या. इकडे अक्का कट्ट्याजवळ गर्दीत उभ्या होत्या, त्यांच्या मुठीत दोघांच्या वाटणीचे तांदूळ होते. हे दोघांनी एकमेकांना ठरवून सांगितलेलं नव्हतं.

1994 साली जर्मनीनं काही अझो रंगांवर बंदी घातली. त्या रंगांतून कर्करोगाला कारण ठरू शकणारी द्रव्यं सुटतात म्हणून. आमच्या गोदामात तसंच रंगवलेलं सूत भरलेलं होतं. आपल्याकडे बंदी यायला 1997 उजाडलं, म्हणजे ते सूत इथे विकायला कायद्याची आडकाठी नव्हती. घेणारेही दारात आले. अण्णा म्हणाले, घरात विचारतो. अक्कांनी एवढंच विचारलं, "ज्या टॉवेलनं त्यांच्या लेकराचं तोंड पुसायचं नाही, त्यानं आपल्या लेकराचं कशाला पुसायचं?" सूत विकलं नाही, वाया गेलं. दोन वर्षं कर्ज फेडण्यात गेली, पण कामगारांचा हप्ता एकाही शनिवारी चुकला नाही. व्हॅट आणि रिॲक्टिव्ह या बंदीत न येणाऱ्या रंगांवर कारखाना पुन्हा उभा राहिला. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या दिवशी अण्णांनी शेडमध्ये पेढे वाटले.

अक्कांना काचबिंदू झाला. कळलं तेव्हा उशीर झाला होता. हा आजार बहुतेकदा दुखत नाही, कडेनं गुपचूप नजर खात येतो आणि गेलेली नजर परत येत नाही. माझी हात जोडून विनंती आहे, चाळिशी ओलांडली असेल तर डोळ्यांचा दाब एकदा तपासून घ्या.

आमच्या सगळ्या नमुन्यांचे रंग तोवर अक्काच ठरवायच्या. मोरपंखी शेजारी लिंबू चालेल का, किनार जाड झाली का, शेवटचा शब्द त्यांचा. नजर गेल्यावर त्या म्हणाल्या, आता मला काय विचारायचं. अण्णांनी त्यावर वाद घातला नाही. कारखान्यात आले आणि मला नवा आलेख काढायला बसवलं. जमीन सपाट आणि नक्षी तेवढी कड्यांची, उठावदार. मोठा मोर. पहिला टॉवेल मागावरून उतरला तसा तो घेऊन घरी गेले, मी मागोमाग. अक्कांचे दोन्ही हात त्यांनी टॉवेलवर ठेवले. अक्कांची बोटं मानेवरून तुऱ्यापर्यंत गेली, पिसाऱ्यावर फिरली, परत आली. मग म्हणाल्या, "डावीकडचा पाय आखूड झालाय." मी आलेख काढून मोजला. दोन चौकोन कमी होते.

त्यानंतर प्रत्येक नमुना आधी त्या हातांखालून गेला. ग्राहक विचारायचे, तुमची नक्षी अशी बोटाला का लागते? अण्णा सांगायचे, आमच्याकडे तपासणी कडक आहे.

लक्ष्मीपूजनाला नवी वही उघडायची, वर 'श्री' काढायचं, मागील बाकी ओढायची. 'सौ. खाते, देणे' ही ओळ दरवर्षी अण्णा स्वतःच्या हातानं उतरवायचे. तीच अकरा महिन्यांची रक्कम, आजच्या हिशेबात अगदी किरकोळ. पूर्वी वही अक्कांपुढे धरायचे, नंतर मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. "बाकी आहे हं अजून." अक्का म्हणायच्या, "असू द्या." गेल्या दिवाळीला हात थरथरत होता म्हणून मी लेखणी घ्यायला गेलो, तर त्यांनी वही छातीशी ओढली.

दिवस झाल्यावर मी वही घेऊन अक्कांकडे गेलो. कुणाचं काय येणं, काय देणं, सगळं वाचलं. त्या ओळीशी आल्यावर थांबलो. थोरला मुलगा म्हणाला, हे खातं आता मिटवून टाकू. अक्कांनी हात पुढे केला, पानावर बोटं ठेवली. शाईला उठाव नसतो, त्यांना काही लागलं नसेल. पण बोटं बराच वेळ तिथेच होती.

मग मला म्हणाल्या, "मिटवायचं नाही. पुढच्या वहीत घे."

घेणार आहे. नमस्कार.