पाना उचलण्याआधी

(दृश्य: गॅरेजचं अर्धं वर गेलेलं शटर, दारात उभी पांढरी हॅचबॅक)

पुण्यातल्या धायरी फाट्याच्या आतली गल्ली. गॅरेज नुकतंच उघडलंय आणि पहिली गाडी दारात हजर आहे. २०१४ सालची पेट्रोल गाडी, घरातली एकुलती एक. मुलांची शाळा, आईंचा दवाखाना, अधूनमधून साताऱ्याची फेरी, सगळा भार हिच्यावर.

तक्रारी तीन. सिग्नलला उभं राहिलं की स्टिअरिंग थरथरतं, एसी लावला की आणखीच. स्पीडब्रेकरवरून उतरताना डावीकडून ‘टक्’ आवाज येतो. आणि सायलेन्सर फुटल्यासारखी घरघर चालू असते. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवाही लागलाय.

गाडी आधी दोन ठिकाणी दाखवून झाली आहे. एकीकडे सांगितलं, स्टिअरिंगचा रॅक, म्हणजे चाकं वळवणारा दातेरी दांडा, गेला, अख्खी असेंब्ली बदला. दुसरीकडे स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड वाचला आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग, बदलायला सांगितलं. दोन्ही मिळून आकडा असा झाला की गाडीच्या मालक ताईंनी विचार करायला वेळ मागून घेतला. गाडी चालवून मात्र दोन्हीकडे कुणीच पाहिली नव्हती.

(दृश्य: गाडी सिंहगड रस्त्याला लागते; शेजारच्या सीटवर काका, काच खाली)

इथले मेकॅनिक काका सुरुवात तिथूनच करतात. “ताई, तुम्हीच चालवा. रोज चालवता तशीच चालवा, मी शेजारी बसतो.”

गॅरेजमध्ये गेलं की आवाज गायब होतो, हा बहुतेक गाडीवाल्यांचा अनुभव. त्यामागे साधं कारण आहे. क्लच सोडायची, ब्रेक दाबायची, खड्डा चुकवायची प्रत्येकाची सवय वेगळी असते, आणि आवाज त्या सवयीला चिकटलेला असतो. म्हणून चालवायची मालकानं आणि ऐकायचं मेकॅनिकनं.

किरकटवाडीच्या पुढे रस्ता जरा मोकळा होतो. रेडिओ बंद, एसी बंद. ताईंनी स्टिअरिंगवरची पकड सैल केली, तशी गाडी हळूहळू डावीकडे जायला लागली. ही तक्रार त्यांनी सांगितलीच नव्हती. इतकी सवय झालेली.

पण गाडी डावीकडे ओढते म्हणून लगेच अलाइनमेंटकडे, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्यायला, धावायचं कारण नाही. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता केलेला असतो. आपण डाव्या बाजूनं चालतो, त्यामुळे चांगली गाडीसुद्धा किंचित डावीकडे झुकते. ही ओढ जरा जास्त होती. काकांनी पंपावर हवा मोजायला लावली. पुढचं डावं चाक उजव्यापेक्षा बरंच मऊ निघालं. हवा सारखी केली आणि परतीच्या वाटेवर ओढ जवळजवळ गेली. हवा भरूनही गेली नसती तर पुढचे दोन टायर आपापसात बदलून पाहिले असते. ओढीची बाजू बदलली तर दोष टायरचा. तरीही नाही, तर अलाइनमेंट, आणि एखादा ब्रेक अडकून राहतोय का तेही.

(दृश्य: गाडी घोडीवर, पुढची दोन्ही चाकं अधांतरी)

आता गाडी घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढली आहे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणी शिरायचं नाही, हा इथला पहिला नियम. गॅरेजमधला सगळ्यात लहान पोरगाही तो मोडत नाही.

काकांचे हात पाहा. घड्याळाचे नऊ आणि तीन वाजतात त्या जागी त्यांनी चाक धरलंय आणि आडवं हलवतायत. चाक हललं, त्याबरोबर खट्. म्हणजे स्टिअरिंगच्या सांध्यांमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलाय. आता हात बारा आणि सहावर. चाक उभं हलवून पाहिलं, ठाम आहे. इथं हललं असतं तर पोरग्याला ब्रेक दाबून धरायला सांगितलं असतं. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. त्यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही.

पण नऊ-तीनचा खट् नेमका कुठला? रॅकमधला, की रॅकचा दांडा चाकाला जोडणाऱ्या टाय रॉड एंडमधला? इथंच पहिल्या गॅरेजनं उडी मारली होती.

(दृश्य: गाडी खड्ड्यावर, चाकं जमिनीवर, खालून काकांचा हात, वर पोरगा स्टिअरिंग हलवतोय)

गाडी आता गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर उभी आहे आणि वजन पुन्हा चाकांवर आलंय. पोरगा वर बसून स्टिअरिंग थोडंसं डावीकडे, थोडंसं उजवीकडे हलवतोय, बोटभर, न थांबता. काका खाली उभे राहून एकेका सांध्यावर तळवा ठेवतायत. आधी रॅकचं टोक, काही नाही. मग उजवा एंड, काही नाही. डाव्या एंडवर हात गेला आणि तिथंच थांबला.

जवळून पाहा. एंडवरचा रबरी बूट फाटलाय. आतलं ग्रीस काळं पडून बाहेर आलंय आणि त्यात बारीक वाळू चिकटली आहे. खांद्याच्या सांध्यासारखी ही रचना आहे, वाटीत फिरणारा गोळा. बूट शाबूत असेल तर सांधा वर्षानुवर्षं चालतो. तो फाटला की पावसाळ्यातलं चिखलपाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि गोळा वाटीत सैल होतो. स्पीडब्रेकरवरचा ‘टक्’ हाच. बदलायचा आहे हा एक सांधा, आणि तो अख्ख्या रॅकच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

टायरनंही हेच सांगितलं असतं. काकांनी डाव्या टायरवर तळवा आडवा फिरवला. बाहेरून आत गुळगुळीत लागतो, आतून बाहेर येताना करवतीसारखा खरखरतो. सांध्यातल्या ढिलाईमुळे चाकाचा तिरकसपणा, म्हणजे टो, बिघडला होता आणि टायर रोज थोडा थोडा घासत होता.

आता थरथर.

(दृश्य: बॉनेट उघडं, इंजिनचा क्लोज-अप)

हे दृश्य आम्ही मुद्दाम जास्त वेळ ठेवलंय. हँडब्रेक ओढलेला आहे, ब्रेक दाबलेला आहे, समोर कुणी नाही. पोरग्यानं पहिला गिअर टाकून क्लच जरासा सोडला. इंजिन कसं उचललं गेलं, पाहा. आता रिव्हर्स. तेच इंजिन उलट्या बाजूला धपकन बसलं.

इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर टेकलेलं असतं, त्यातलं एक खचलंय. रबर चिरलंय, टॉर्चच्या उजेडात ती चीर स्पष्ट दिसते. इंजिनचा जो हादरा या रबरानं गिळायचा, तो थेट बॉडीत आणि तिथून स्टिअरिंगमध्ये येत होता. एसी लावला की उभ्या इंजिनवर लोड वाढतो, म्हणून थरथरही वाढायची. स्टिअरिंगचा या तक्रारीशी काही संबंध नव्हता.

आणि हेच माउंटिंग आपल्याला सायलेन्सरकडे घेऊन जातं.

(दृश्य: दुसऱ्या दिवशीची सकाळ, थंड गाडी)

गाडी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवून घेतली, कारण एक्झॉस्टचं लिकेज थंड इंजिनवर शोधायचं असतं. लोखंड तापलं की फुगतं, बारीक फट मिटते आणि आवाज दबतो. शिवाय गरम पाइपला हात लावता येत नाही.

स्टार्टर मारला. मागून थोडा पांढरा वाफारा आणि चार थेंब पाणी. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, थंड सकाळी ते दिसणारच. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट जळतंय, निळसर आला तर ऑइल, काळा आला तर पेट्रोल जास्त जातंय. इथं यातलं काहीच नाही.

आता चिंधी. हातमोजा घालून पोरग्यानं जाड चिंधी मागच्या नळीवर काही क्षण दाबून धरली. सगळी यंत्रणा घट्ट असेल तर गॅस चिंधी मागे ढकलतो आणि इंजिन गुदमरायला लागतं. इथं इंजिन मजेत चाललंय आणि पुढून, गाडीच्या पोटातून, फुसफुस येते आहे. काका त्या आवाजामागे सरकत गेले. इंजिनकडून येणाऱ्या पाइपमध्ये लवचिक जाळीचा तुकडा असतो, इंजिन हललं तरी पाइप मोडू नये म्हणून. त्या जाळीवर काजळीचा काळा पट्टा उमटलाय. इंजिन बंद करून साबणाचं पाणी मारलं, मागच्या नळीतून ब्लोअरची हवा सोडली, आणि नेमके तिथंच बुडबुडे.

खचलेल्या माउंटिंगमुळे इंजिन दर वेळी जास्त हलत होतं. तो पीळ जाळीवर येत राहिला आणि शेवटी जाळी आतून फाटली.

मग पिवळा दिवा? या गाडीत जाळी आधी येते, मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्याच्या मागे दुसरा ऑक्सिजन सेन्सर. फाटलेल्या जागेतून नुसता गॅस बाहेर जात नाही. गॅस ठोक्याठोक्यानं येतो, आणि दोन ठोक्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते. मागच्या सेन्सरला जास्त ऑक्सिजन दिसतो आणि संगणक नोंद करतो: पी ०४२०, कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी. स्कॅनर चुकला नाही. सेन्सरला काय दिसलं ते त्यानं सांगितलं. ते तसं का दिसलं, हे शोधायचं काम माणसाचं. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे धातू असलेला तो महागडा भाग एका जाळीपायी भंगारात गेला असता.

हा गॅस केबिनमध्ये शिरला तर त्यातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो, आणि त्याला ना रंग ना वास.

(दृश्य: नाना पेठेतून आलेला पोरगा, हातात खोके)

पार्ट नाना पेठेतून, सुट्या भागांच्या बाजारातून, आले. आधी माउंटिंग बसलं, मग जाळी, मग टाय रॉड एंड. क्रम महत्त्वाचा आहे. माउंटिंग तसंच ठेवून नवी जाळी टाकली असती तर तीही फाटली असती. एंड बदलल्यावर अलाइनमेंट करून घेतलं, ते टाळायचं नसतं.

पुण्याच्या टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था आहे, पिंपरी आणि चाकणला गाड्या तयार होतात. देशात भारत स्टेज चार, म्हणजे गाड्यांच्या धुराचं प्रदूषण-मानक, आधी १३ शहरांत आलं, २०१० साली, त्यांत पुणे होतं. गाडी बनवण्याच्या ज्ञानाची या शहरात किंमत आहे. गाडीत काय बिघडलंय ते शोधणाऱ्या ज्ञानाची तेवढी नाही. बिलात पार्टचे पैसे दिसतात आणि आपण ते देतो. तासभर ऐकण्याचे, हात लावून पाहण्याचे पैसे लावले की आपण घासाघीस करतो. मग मेकॅनिकही तपासायचं सोडून बदलायला लागतो. काकांनी या बिलात ‘तपासणी’ अशी वेगळी ओळ घातली आहे आणि ताईंनी ती न बोलता भरली.

(दृश्य: पीयूसी केंद्र, नळीत घातलेला प्रोब)

कोड पुसला, दिवा पुन्हा लागला नाही. पीयूसीची मुदत आलीच होती. भारत स्टेज चारच्या पेट्रोल गाडीला उभ्या इंजिनवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम. गाडी दोन्हींच्या आत बसली. काकांनी आठवड्याभरानं परत बोलावलंय, माउंटिंगचे बोल्ट पुन्हा आवळायला.