कम्युनिटी कॉलेजात अर्धवेळ मानसशास्त्र शिकवायचंय? पहिले तीन आठवडे नीट आखा

नमस्कार मंडळी. मानसशास्त्रात एम.ए. करून कॅलिफोर्नियात आलात आणि इथल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, अर्धवेळ शिकवायचा विचार चाललाय, तर आजचा व्हिडिओ तुमच्यासाठी आहे.

राज्यात अशी 116 कॉलेजं आहेत. प्रवेश परीक्षा नाही, आणि राज्यातल्या रहिवाशाला फी युनिटमागे, म्हणजे क्रेडिटमागे, 46 डॉलर. म्हणजे तीन युनिटांचा मानसशास्त्राचा पहिला कोर्स 138 डॉलरमध्ये होतो. त्यामुळे एकाच वर्गात नुकतीच शाळा संपवलेली अठरा वर्षांची मुलगी असते, रात्रपाळी आटोपून थेट आलेला गोदामातला कामगार असतो आणि नर्सिंगला जायचंय म्हणून हा विषय घेतलेली दोन मुलांची आईही असते. कुणी घरी स्पॅनिश बोलतं, कुणी टॅगालोग, कुणी व्हिएतनामी, कुणी पंजाबी.

कागदपत्रांचं पटकन उरकू. पीएच.डी. लागत नाही, मानसशास्त्रातली मास्टर्स पुरते. पदवी भारतातली असेल तर तिचं इथल्या संस्थेकडून विषयवार मूल्यमापन करून घ्या. तीन वर्षांचं बी.ए. आणि दोन वर्षांचं एम.ए. यांना सगळ्या संस्था सारखं मोजत नाहीत, म्हणून अहवाल हातात आल्यावरच अर्ज करा. एच-4 वर, म्हणजे एच-1बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर असाल तर आधी ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना हवा. निवड झाली की बोटांचे ठसे आणि टीबीची तपासणी.

कामाला कायद्याची मर्यादा आहे: एका डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे एक किंवा अनेक कॉलेजं चालवणाऱ्या स्थानिक संस्थेत) पूर्णवेळ कामाच्या 67 टक्क्यांपर्यंतच. पूर्णवेळ म्हणजे 15 युनिटं धरली, तर तुमच्या वाट्याला तीन युनिटांचे तीन वर्ग येतात. म्हणून अनेक जण दोन डिस्ट्रिक्टमध्ये शिकवतात आणि दिवसाचे दोन तास फ्रीवेवर घालवतात. विद्यार्थी कमी भरले तर वर्ग सुरू व्हायच्या तोंडावर रद्द होतो. दोन सत्रांच्या मधल्या काळात बेकारी भत्ता मागता येतो, हे मात्र फार जणांना माहीत नसतं. पुढच्या सत्राचं काम विद्यार्थी भरण्यावर अवलंबून असेल तर ती कामाची हमी धरता येत नाही, असा कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाचा 1989 चा सर्व्हिसी खटल्यातला निकाल आहे. अर्ज भरताना हे लक्षात ठेवा.

आता मुख्य मुद्दा. सत्राचा साधारण 20 टक्के काळ संपला की 'सेन्सस'ची, म्हणजे पटावरचे विद्यार्थी मोजायची तारीख येते. सोळा आठवड्यांच्या सत्रात ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पडते. न येणाऱ्यांची नावं त्याआधी तुम्हालाच काढावी लागतात. या मुदतीत कोर्स सोडला तर गुणपत्रकावर काही उमटत नाही, नंतर सोडला तर 'डब्ल्यू' (विथड्रॉल, म्हणजे कोर्स सोडल्याची नोंद) लागतो. म्हणून आपण कुठे आहोत हे विद्यार्थ्याला तिसऱ्या आठवड्याच्या आत कळायलाच हवं. पहिली परीक्षा सहाव्या आठवड्यात ठेवणं ही नवख्या शिक्षकाची सगळ्यात महागडी चूक, आणि तिची किंमत विद्यार्थी भरतो.

पहिल्या दिवशी प्रत्येकाला तीन बाय पाच इंचांचं एक कोरं कार्ड द्या. त्यावर चार गोष्टी लिहायला सांगा: नाव आणि त्याचा उच्चार, आठवड्याला कामाचे तास किती, गृहपाठ फोनवर करणार की लॅपटॉपवर, आणि हा कोर्स कशासाठी घेतलाय. जन्म कुठला, व्हिसा कुठला, धर्म कुठला, हे विचारू नका. कागदपत्रं नसलेले विद्यार्थीही वर्गात असतात, आणि असा एक प्रश्न त्यांना दाराबाहेर घालवायला पुरतो. कार्डं घरी नेऊन उच्चार मोठ्याने म्हणून बघा. आपल्या नावातल्या 'ळ' आणि 'ज्ञ'चं इथे काय होतं ते आपण रोज ऐकतो, तेव्हा ही मेहनत आपण तरी टाळू नये. दहा-बारा जण फोनवाले निघाले तर स्कॅन केलेल्या पीडीएफ देऊ नका, फोनवर त्या वाचता येत नाहीत. पुस्तक ओपनस्टॅक्सचं घ्या, ते फुकट आहे आणि फोनवर नीट उघडतं. त्यात 16 प्रकरणं आहेत. आठवड्याला एक असं धरलंत तर उजळणीला जागाच उरत नाही. कॉलेजची अधिकृत कोर्स आउटलाइन बघून आवश्यक तेवढीच निवडा.

दुसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला छोटी चाचणी. पाच प्रश्न, दहा मिनिटं. तीन प्रश्न मागच्या आठवड्याचे, दोन त्याहून जुने. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 56. हा आलेख पहिल्या चाचणीच्या आधीच वर्गाला दाखवा, म्हणजे चाचणी ही शिक्षा वाटत नाही.

चाचणी तासाच्या ठोक्याला घेऊ नका. बस चुकलेला विद्यार्थी दर वेळी शून्यावर राहतो. दहा मिनिटं जाऊ द्या, मग घ्या. सगळ्यात कमी गुणांच्या दोन चाचण्या सगळ्यांच्याच गाळा, म्हणजे मूल आजारी पडलं म्हणून कुणाला डॉक्टरची चिठ्ठी आणावी लागत नाही. अपंग विद्यार्थी सेवा विभागाचं पत्र आणणाऱ्याला बहुधा दीडपट वेळ मिळतो. दहाची पंधरा मिनिटं कॅनव्हास या कॉलेजच्या ऑनलाइन वर्गप्रणालीत आधीच लावून ठेवा.

प्रश्नाची भाषा साधी हवी. 'खालीलपैकी कोणते नाही' असा प्रश्न इंग्रजी ही दुसरी भाषा असणाऱ्याची मानसशास्त्राऐवजी वाचनाची परीक्षा घेतो. निम्म्याहून जास्त वर्ग चुकला तर आधी प्रश्न तपासा. निगेटिव्ह रीइन्फोर्समेंटवर हे हमखास होतं, कारण 'निगेटिव्ह' म्हणजे शिक्षा असंच सगळे धरतात. गाडीच्या पट्ट्याचं उदाहरण द्या: पट्टा लावला, टुंग-टुंग थांबलं, म्हणून पुढच्या वेळी पट्टा आधी लावला. काहीतरी नकोसं निघून गेलं आणि वागणूक वाढली. बेसबॉल किंवा थँक्सगिव्हिंगच्या जेवणाची उदाहरणं अर्ध्या वर्गाच्या डोक्यावरून जातात.

वर्गातलं वैविध्य विषयात कसं आणायचं? एखाद्याला 'तुमच्या संस्कृतीत कसं असतं?' असं विचारून अजिबात नाही. तो बिचारा एकटा अख्ख्या समाजाच्या वतीने उत्तर देत बसतो. त्याऐवजी प्रत्येक संशोधनाला एकच प्रश्न लावा: हे कुणावर केलं? मानसशास्त्रज्ञ आर्नेट यांनी 2008 मध्ये आघाडीची सहा अमेरिकी नियतकालिकं तपासली, तर सहभागींपैकी सुमारे 96 टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले. जगाच्या लोकसंख्येत या देशांचा वाटा 12 टक्के.

बुद्धिमापनाच्या प्रकरणाला तर इथलाच खटला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांमधल्या कृष्णवर्णीय मुलांना आयक्यू चाचणीवरून मतिमंदांच्या वर्गात टाकलं जात होतं. राज्यभर शाळांतली साधारण 10 टक्के मुलं कृष्णवर्णीय, त्या वर्गांमध्ये मात्र 25 टक्के. 1979 मध्ये लॅरी पी. खटल्यात न्यायाधीश पेकहॅम यांनी या कामासाठी त्या चाचण्या वापरायला मनाई केली. हे दोन आकडे फळ्यावर लिहा आणि विचारा: चाचणी सारखी, नियम सारखे, मग फरक कुठून आला? यावर अख्खा तास घाला. प्रमाणीकरण, वैधता, पक्षपात या सगळ्या संकल्पना त्या चर्चेतूनच वर येतात आणि लक्षात राहतात.

मानसिक विकारांच्या प्रकरणात स्वतःचे अनुभव लिहायचा गृहपाठ देऊ नका. तरीही कुणीतरी तास संपल्यावर थांबतंच. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, कारण लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं बऱ्याच कॉलेजांत शिक्षकाला बंधनकारक असतं. तुम्ही त्यांचे थेरपिस्ट नाही. ऐकून घ्या, कॉलेजच्या समुपदेशन केंद्रापर्यंत सोबत चालत जा, आणि 988 हा मानसिक संकटातल्या हेल्पलाइनचा क्रमांक सिलॅबसच्या पहिल्याच पानावर छापा.

अजून एक तारीख. 'डब्ल्यू' घेऊन कोर्स सोडायची मुदत सत्राच्या 75 टक्क्यांपर्यंतच असते, म्हणजे सोळा आठवड्यांत फार तर बारावा आठवडा. अकराव्या आठवड्याच्या सोमवारी सगळे गुण कॅनव्हासवर चढलेले हवेत. पास होणं गणिताने शक्य नसलेल्यांना त्याच दिवशी एकेकट्याने बोलवा, कॅलेंडर समोर ठेवा आणि मुदतीची तारीख बोटाने दाखवा.