दिसभर राबतेच की

[दृश्य : धारूर तालुका, बालाघाटाचा माळ. जूनची पहाट. ओसरीत अंथरलेली घोंगडी.]

ऊसतोडणी करून साखर कारखान्यावरून येऊन मावशींना दोन महिने झालेत. मिरग तोंडावर आलाय. पेरणीची धांदल सुरू व्हायच्या आत या मावशी रोज घोंगडीवर उताण्या पडतात, गुडघे दुमडतात आणि कंबर हळूच वर उचलतात. पाच मोजतात. सावकाश खाली येतात.

दोन हंगामांपूर्वी उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना चमक भरली, ती गेलीच नाही. चोळून झालं, शेकून झालं, इंजेक्शनं झाली, पट्टा बांधून झाला. मग एक्स-रे फोटो काढला आणि घरात एक शब्द शिरला : ‘मणक्यात गॅप’, म्हणजे मणक्यांमधली चकती झिजलेली.

या एका शब्दानं धडधाकट माणसं खाटेला खिळलेली गावोगाव दिसतात. वाकलं तर मणका निसटेल, ही भीती. पण ज्यांचं काहीच दुखत नाही, अशा लोकांच्या तपासण्यांचा एक आढावा २०१५ साली आला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या होत्या. झीज होती, दुखणं नव्हतं.

[दृश्य : मावशी आणि व्यायाम शिकवणाऱ्या ताई.]

ताईंनी व्यायाम सांगितला तेव्हा मावशी म्हणाल्या, “दिसभर राबतेच की मी! आनखी कायचा व्यायाम?”

प्रश्न अगदी रास्त आहे. पण फडात किती वाकायचं ते ऊस ठरवतो, कधी थांबायचं ते गाडी भरल्यावर ठरतं. अंग मोडून आलं तरी कोयता खाली ठेवता येत नाही. घोंगडीवर मोजमाप मावशींच्या हातात आहे. आज पाच वेळा, चार दिवसांनी सात, मग दहा. थोडं दुखलं तरी आत काही मोडत नाही, हे अंगाला हळूहळू पटतं. भीतीनं आखडलेली पाठ सैल होते. पोट, मांड्या, पाठ यांच्यात जोर येतो. सोबत चालणं : आधी पारापर्यंत, आता विहिरीपर्यंत.

तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये सूचना दिल्या. त्यात व्यायाम आहे, दुखणं समजावून सांगणं आहे. कंबरेचा पट्टा आणि वजन लावून ताणणं मात्र सरसकट देऊ नका, असं म्हटलंय.

व्यायामानं सगळं दुखणं जातंच असं नाही. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात २४९ चाचण्या तपासल्या. व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा करणाऱ्यांची वेदना १०० पैकी सरासरी १५ गुणांनी कमी भरली. आकडा लहान वाटेल. मावशींसाठी त्याचा अर्थ असा, की रात्री कूस बदलताना आता जाग येत नाही.

मात्र लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पायातला जोर कमी होत चालला, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दुखण्यासोबत ताप असेल, वजन घटत असेल, तरीही डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे.

[दृश्य : दुपार. पत्र्यावर वाळत घातलेली घोंगडी.]

दिवाळीनंतर मुकादमाची गाडी येईल. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली आहे, जावं लागणार. तिकडच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, निजायलाही जागा पुरत नाही. ताईंनी मावशींना उभ्यानं, भिंतीला टेकून करायचे दोन व्यायाम दाखवलेत. कोपीला भिंत कुठली? मावशी म्हणाल्या, “ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला टेकीन.”