आज काही सुचत नाही, पेन चालतंय

नमस्कार मंडळी. ज्यांचे दिवस बरे चाललेत त्यांनीही ऐका, पण आज मी बोलतोय ते खरं तर ज्यांच्या अंगावर सगळं एकदम आलंय त्यांच्याशी. घरात आजारपण आहे, नोकरी गेलीय, जवळचं माणूस गेलंय, आणि त्यात कोणीतरी येऊन सांगून जातं की देवावर भरवसा ठेवा, आभार माना. आभार? कशाचे? हा प्रश्न मनात येत असेल तर येऊ द्या, देवाला तो चालतो. जनाबाई विठ्ठलाशी भांडलीये, चक्क शिव्या घातल्यात तिने, बायबलमधल्या ईयोबाने देवाला जाब विचारलाय, आणि दोघांनाही आपण भक्तच म्हणतो. परक्याशी कोण भांडायला जातं हो, ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्याशीच आपण भांडतो.

तुकाराम महाराजांचं उदाहरण तर सगळेच देतात. 1630 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ, धंदा बुडाला, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला, आणि तरी महाराज म्हणतात, बरं झालं देवा, दिवाळं निघालं. म्हणाले, खरंय. पण तो अभंग मागे वळून बघणाऱ्या माणसाचा आहे. दुसऱ्या अभंगात त्यांनीच सांगितलंय की जिवाला लाज वाटली, दुःखाने त्रासून गेलो. म्हणजे आधी त्रास झाला, मग कधीतरी "बरं झालं" आलं. म्हणून मला फार वाटतं की कोणाच्या घरी दुःखाला भेटायला गेलात तर पहिल्याच दिवशी "जे होतं ते चांगल्यासाठीच" म्हणू नका. नकाच म्हणू. गप्प बसा, पाणी द्या, हात धरा, तेवढं पुष्कळ होतं.

आता आईची वही सांगतो.

मी शाळेत होतो तेव्हा बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं, नोकरी अर्थातच सुटली. आईने माझी गणिताची जुनी वही घेतली, मागची पानं कोरी होती, चौकोनांची वही, आणि रोज रात्री सगळं आवरून झालं की तारीख टाकून देवासाठी एक ओळ लिहायला लागली. एकच ओळ हं. "आज फिजिओवाला मुलगा वेळेवर आला." "आज ह्यांनी चमचा धरला, 2 वेळा पडला, तिसऱ्यांदा नाही पडला." "शेजारच्यांनी न सांगता औषधं आणून दिली." असलं सगळं. मला तेव्हा त्या वहीचा रागच यायचा, कारण माझी मागणी एकच होती की बाबा पहिल्यासारखे व्हावेत, आणि ही चमच्याचे आभार मानतेय.

एका रात्री लाइट गेलेली आणि बाबा बाथरूमला जायला म्हणून एकटेच उठले आणि पडले. मी काखेत हात घालून उचलायला गेलो, मला जमेना, आईने पाय धरले, दोघांनाही जमेना, आणि बाबा रडायला लागले. मी बाबांना त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं. शेवटी आईने उशी आणून त्यांच्या डोक्याखाली ठेवली, अंगावर चादर टाकली आणि तीही तिथेच फरशीवर बसली, मग मीपण बसलो. उजाडल्यावर शेजारचे काका आले तेव्हा कुठे बाबांना पलंगावर घेतलं. तर त्या रात्री, फरशीवर बसल्या बसल्या, टॉर्चच्या उजेडात आईने वही उघडली होती. मी दुसऱ्या दिवशी वाचलं. लिहिलं होतं, "आज काही सुचत नाही. पेन चालतंय."

मी चिडलो. म्हटलं, "आई, हे काय आभार झाले का?"

ती म्हणाली, "अरे, त्याला खोटं कसं लिहू? जे होतं तेवढंच लिहिलं."

मंडळी, हे मी पुन्हा सांगतो, जे होतं तेवढंच लिहिलं. दुःखाचे आभार मानले नाहीत तिने. बाबा पडले ते बरं झालं असं एका शब्दाने लिहिलं नाही. पेन चालत होतं, ते लिहिलं. आणि त्या वहीत काही दिवस असेही आहेत की नुसती तारीख आहे आणि पुढे काहीच नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "त्या दिवशी काय झालं ते त्याला माहितीये की, मी कशाला लिहू?" मला विचाराल तर भरवसा या शब्दाचा अर्थ मला त्या कोऱ्या ओळींनी शिकवला. आधी विश्वास पक्का होईल आणि मग आभार सुचतील अशी वाट बघत बसलो तर ती वेळ येतच नाही, उलटं करावं लागतं, आधी एक खरी ओळ लिहायची आणि विश्वास मागून येतो, हळूहळू. आणि हातानेच लिहा. मोबाइलवर आपण लिहितो आणि लगेच दुसरंच काहीतरी बघायला लागतो.

बाबा पूर्ण बरे झाले नाहीत. उजवा हात शेवटपर्यंत चालला नाही. पण वर्षभराने ते डाव्या हाताने लिहायला शिकले आणि एक दिवस आईची वही मागून घेतली. अर्धा तास लागला असेल, अक्षरं चौकोनांच्या बाहेर गेलेली, एक ओळ तिरकी वर चढत गेलेली. लिहिलं होतं, "आज ही माझ्यावर चिडली. बरं वाटलं." कारण झटका आल्यापासून घरात सगळे त्यांच्याशी जपून, हळू आवाजात बोलायचो ना.

आईने वाचलं, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, तारीख टाकायची राहिली," आणि पेन घेऊन तिने ती टाकली.