पेलेचा निळा पोशाख

(दृश्य : नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या घराची ओसरी. सतरंजीवर उघडे ठेवलेले चित्रपुस्तक.)

मराठी घरांत वाढलेल्या बहुतेकांनी उंदराच्या टोपीची गोष्ट ऐकलेली असते. सापडलेली चिंधी घेऊन उंदीर धोब्याकडे जातो, शिंप्याकडे जातो, आणि कोणी नाही म्हटले की शिपायांकडून मार देववण्याची धमकी देतो. टोपी डोक्यावर चढल्यावर तर ‘राजा भिकारी, माझी टोपी घेतली’ असे म्हणत तो राजालाही हैराण करतो. वस्त्राचा असाच हातोहात होणारा प्रवास स्वीडनमधल्या एका जुन्या चित्रपुस्तकात आहे. तिथला मुलगा मात्र कोणाला धमकावत नाही आणि कोणाकडून काही फुकटही घेत नाही.

स्टॉकहोममध्ये जन्मलेल्या एल्सा बेस्को (१८७४–१९५३) यांनी लिहिलेले आणि चितारलेले हे पुस्तक १९१२ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘पेलेचे नवे कपडे’ असा त्याच्या नावाचा सरळ अर्थ होतो. बेस्को लग्नापूर्वी शाळेत चित्रकला शिकवीत. पुढे त्यांना सहा मुलगे झाले, त्यामुळे वाढत्या मुलाच्या बाह्या किती लवकर आखूड होतात हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

(दृश्य : पुस्तकाची पाने एकेक करून उलटली जातात.)

पेलेचे स्वतःचे एक कोकरू आहे आणि त्याची निगा तोच राखतो. कोकरू वाढते तशी त्याची लोकर लांब होत जाते. पेले वाढतो तसा त्याचा कोट आखूड होत जातो. मग पेले लोकर कातरतो आणि आजीकडे नेतो. आजी ती पिंजून देते, पण तोवर त्याने तिच्या गाजरांच्या वाफ्यातले तण काढायचे असते. दुसरी आजी सूत कातते आणि तो तिच्या गाई राखतो. आई कापड विणते, तो धाकट्या बहिणीला सांभाळतो. शिंप्याकडे मात्र काम वाढते: गवत ओढायचे, लाकूडफाटा आणायचा, डुकरांना खायला घालायचे. (मराठी कानाला पेलेच्या नावात ‘पेळू’, म्हणजे कातण्यासाठी केलेली पिंजलेल्या कापसाची वळी, ऐकू येतो. हा निव्वळ योगायोग आहे, पण सुताच्या गोष्टीत तो शोभून दिसतो.)

रंगाचा प्रसंग अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. पेले रंग मागायला शेजारच्या रंगाऱ्याकडे जातो, तेव्हा तो हसतो, कारण त्याचा रंग लोकरीच्या कामाचा नसतो. तरीही तो एक तोड काढतो: पेलेने होडी वल्हवत दुकानात जावे, त्याच्यासाठी टर्पेंटाइन आणावे आणि उरलेल्या पैशांत स्वतःसाठी रंग घ्यावा. साऱ्या देवघेवीत पैसा असा एकदाच डोकावतो, आणि तोही कामाच्या मोबदल्यातच हाती पडतो. घरी आल्यावर निळ्या रंगात सूत बुडवतो तो पेले स्वतः. लोकर कातरणे आणि सूत रंगवणे, एवढीच कपड्यांची कामे त्याच्या हातची आहेत. पिंजण्या-विणण्याचे कसब त्याच्या अंगी नाही आणि तसे भासवण्याचा मोह लेखिकेने टाळला आहे, हे मला या पुस्तकाचे मोठे बळ वाटते. मुलाच्या वाट्याला आलेले प्रत्येक काम त्याच्या उंचीला बेताचे आहे.

(दृश्य : इतवारीतल्या गल्ल्या. एक हातमाग. पुढे कॉटन मार्केट.)

नागपुरात हे पुस्तक वाचताना दुसरी एक आठवण आड येते. रेशीमकाठी नागपुरी लुगड्यांसाठी हे शहर ओळखले जाई. कोष्टी-हलबांच्या घरांत मोठी माणसे मागावर बसत आणि सुताच्या कांड्या भरण्याचे काम बायकामुलांकडे असे. ते कामही लहान हातांना बेताचेच होते. पण त्या कांड्यांमधून विणलेले लुगडे बाजारात जाई, कांड्या भरणाऱ्या मुलीच्या अंगावर येत नसे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि माग घरातून उठून गिरणीत गेला. आज गिरणीच्या जागेवर त्याच नावाचा मॉल उभा आहे, आणि कॉटन मार्केट म्हणवणाऱ्या बाजारात लोक भाजी घ्यायला जातात. कापसाच्या मुलखात राहूनही सदरा कशाचा होतो, हे इथल्या मुलाला पेलेइतके सलग पाहायला मिळत नाही.

ते दिसावे असा एक प्रयत्न येथून सुमारे ७५ किलोमीटरवर झाला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि पुढे झाकीर हुसेन समितीने हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम आखला. ‘नई तालीम’ नावाच्या या शिक्षणपद्धतीतले मूल टकळीवर स्वतः सूत काती आणि त्या सुतातूनच गणित, भूगोल शिके. मात्र मुलांच्या उत्पादनातून शिक्षकाचा पगार निघावा, या अपेक्षेवर त्याच काळात आक्षेप घेतले गेले, आणि ते आक्षेप पोकळ नव्हते. पगारासाठी सूत मोजले जाऊ लागले की मुलाचे कातणे शिकण्यासाठी उरत नाही. पेलेच्या गोष्टीत हा पेच उभा राहत नाही, कारण तण काढण्यापासून डुकरांना चारण्यापर्यंतचे प्रत्येक काम अखेर त्याच्याच कोटात जाऊन पडते.

(दृश्य : पुस्तकाचे शेवटचे पान.)

शनिवारी संध्याकाळी कपडे तयार होतात. रविवारी सकाळी नवा निळा पोशाख घालून पेले कोकराकडे जातो आणि लोकरीबद्दल त्याचे आभार मानतो. कोकरू ‘बॅऽऽ’ करते, आणि ते जणू हसल्यासारखेच ऐकू येते. साऱ्या गोष्टीत पेलेकडून कसलेही काम मागून न घेणारे तेवढे एकच.